उजव्या कानातला वारा

चाचांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तू खोटं बोलतोयस." मी तोवर तोंडच उघडलं नव्हतं.

गोव्याकडच्या एका किनाऱ्यावर मी पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीवर कामाला होतो. आठवीत शाळा सुटली आणि तिथपासून इंजिन, दोर आणि मीठ हेच माझं शिक्षण. त्या वर्षी मालकानं धंदा गुंडाळला. जुन्या फळ्या, शिडं विकायला काढली. ती घ्यायला चाचा परंड्याहून टेम्पो घेऊन आले होते. डोक्याला गोल टोपी, अंगात पांढरा सदरा, पायांत मात्र पाण्यात घालायचे रबरी बूट. प्रत्येक फळीला ते टिचकी मारायचे आणि डॉक्टरानं छातीला नळी लावावी तसा कान लावायचे. फळ्या संपल्यावर त्यांनी माझ्याकडं तसंच बघितलं.

"इंजिन येतं चालवायला?"

"येतं."

"म्हणलं न्हवतं? खोटं. पण चल. खोटं बोलणारा कसा चालवतो ते बघू."

मला जायला दुसरी जागाच नव्हती. घरी वडलांची होडी मोडीत निघाली होती. भाऊ म्हणायचा, ये. पण त्याच्या 'ये'मध्ये ताट एकच असायचं. मी टेम्पोत फळ्यांच्या मध्ये बसून, समुद्राकडं पाठ करून, आयुष्यात पहिल्यांदा घाट चढलो.

परंड्यापासून थोड्या अंतरावर धरणाचा फुगवटा आहे. आषाढात पश्चिमेचं वारं तिथं असं सुटतं की शेळी तोंड फिरवून उभी राहते. पाऊस असतोच असं नाही. ढग नुसते वरून पळत असतात, कुणाच्या तरी मागं लागल्यासारखे. त्या पाण्यावर चाचा माणसांना फळीवर उभं राहायला शिकवायचे. दोन जातीची माणसं यायची. एक शिडवाले: फळीवर डोलकाठी, तिला शीड, आणि ते हातानं धरून पाण्यावरून पळायचं. दुसरे पतंगवाले: कमरेला लांबच लांब दोर बांधलेले, दोरांच्या टोकाला आभाळात घराएवढा पतंग, आणि तो ओढेल तिकडं हे पायाखालच्या फळीवर घसरत जाणार. मी रेस्क्यूच्या बोटीवर. कुणी पाण्यात पडून दमला की त्याला उचलून आणायचं.

चाचा हे सगळं कुठं शिकले, हे परंड्यात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आखातात होते एवढं खरं. कुणी म्हणायचं शेखच्या बागेत माळी होते, कुणी म्हणायचं मोठ्या हॉटेलच्या किनाऱ्यावर राखणदार होते, आणि चहाच्या टपरीवरचा एक जण तर शपथेवर सांगायचा की तिथून हाकलून दिलंय. मी एकदाच विचारलं. त्यांनी उलट मला विचारलं, "तुला कुणी विचारायला सांगितलं?" आणि पुढचे कित्येक दिवस माझ्याकडं ते त्या 'कुणा'चा माणूस म्हणून बघत राहिले.

चाचांचा संशय म्हणजे राग नव्हता. सकाळी दात घासतात तसा तो होता, नेमाचा. चाची घरून डबा पाठवायच्या तर आधी माझ्या भाकरीचा तुकडा मोडून खायचे. "मीठ बघतो," म्हणायचे. कुणी नवीन हेल्मेट आणलं की त्याच्या डोक्यात घालून वरून पळीनं ठोकायचे. पुण्याची पोरं मोबाईलवर वाऱ्याचा वेग दाखवायची, तर म्हणायचे, "मोबाईलला नाक असतं का? मग त्याला काय कळतंय." भूमकडच्या माळावरच्या पवनचक्क्यांवर तर त्यांचा खास डोळा. "ती पंखं खोटं फिरत्यात. कंपनी फिरवती म्हणून फिरत्यात."

माझी आई फोन करायची. "जेवलंस काय रे? थंय झोपाक जागा बरी हा मां?" मी आमच्या मालवणीत उत्तर द्यायचो. फोन ठेवला की चाचा मागं उभे.

"माझं नाव का घेतलंस?"

"नाही घेतलं चाचा."

"चाचा म्हणलास की. म्या ऐकलं."

"ते... बरे आहेत म्हणालो."

"कायकू? बरा हाय का न्हाय ते तुझ्या आईला कशाला पायजे?"

आणि ह्या सगळ्याला एक शेपूट होतं. मी काही चुकलो, दोर ओला ठेवला, पेट्रोल सांडलं, की चाचा ओरडायचे नाहीत. आभाळाकडं बघत विचारायचे, "कोकण्या, कुर्डुवाडीची गाडी कितीला असती रे?" कुर्डुवाडीहून रेल्वे. रेल्वेनं घर. बस्स. तेवढं ऐकलं की मी दोर उन्हात पसरायला पळायचो. त्या पाण्यावर आल्यापासून मला दोन वेळचं जेवण होतं, निजायला पत्र्याची खोप होती, आणि कुणीतरी माझ्या हातात इंजिन दिलं होतं. हे सगळं त्या गाडीच्या वेळेवर टांगलेलं आहे असं मला रोज वाटायचं. मीपण मग संशयी झालो. चाचा पाण्याकडं बघत गप्प बसले तरी वाटायचं, आज काढणार.

आता ते हैदराबादला लेकीकडं असतात. फोन करतात आणि कॅमेरा आभाळाकडं फिरवायला लावतात. मी फिरवतो. "हे आजचंच हाय का?" विचारतात.

शिकवताना त्यांची एक पद्धत होती. वारा कळायला ते कानांवर भिस्त ठेवायचे. माणसाला उभं करायचं, डोळे मिटायला सांगायचं, आणि म्हणायचं, "हळूहळू फिर. दोन्ही कानांत सारखा आवाज आला की वारा तुझ्या नाकासमोर. आता एका कानात जास्त येतोय? मग वारा त्या बाजूनं." जेवताना, भांडी घासताना, कुणी झाडामागं आडोशाला गेलं तरी इकडून हाक: "वारा कुठल्या कानात?" आणि तिकडून उत्तर आलं पाहिजे. बार्शीच्या एक डॉक्टरीणबाई शीड शिकायला यायच्या. त्या म्हणायच्या, "चाचा, ऑपरेशन करतानासुद्धा मला तुमचा आवाज ऐकू येतो हो." चाचा म्हणाले, "मग पेशंटवर लक्ष न्हाय तुमचं."

पाण्यावर वाट कुणी कुणाला द्यायची, ह्याचे नियम असतात. रस्त्यासारखे पट्टे तिथं नसतात, आणि पतंगवाल्याचे दोर तर दिसतसुद्धा नाहीत. नुसता एक माणूस हिकडं आणि त्याचा पतंग पार तिकडं, मधल्या हवेत सुरी. शिडवाला चुकून त्या दोरांत गेला की डोलकाठी अडकलीच. म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पतंगवाल्यानं पतंग डोक्यावर उंच न्यायचा, खालच्या अंगाला असलेल्यानं पतंग पाण्यालगत उतरवायचा, म्हणजे दोर शिडाला लागत नाहीत. हे चाचा सगळ्यांना सांगायचे.

बाकीचं मात्र वेगवेगळं सांगायचे. कारण शिडवाले आणि पतंगवाले त्यांनी कधी एकत्र बसू दिले नाहीत. "दोघं मिळून बसले की माझ्याविरुद्ध बोलत्याल," हा त्यांचा पक्का हिशेब. शिडवाल्यांचा चहा लिंबाखाली, पतंगवाल्यांचा चहा पत्र्याच्या शेडमध्ये. शिडवाले दक्षिणेच्या काठावरून पाण्यात उतरायचे, पतंगवाले पार पलीकडच्या माळावरून. मी दोन्हीकडं कप न्यायचो, पण शिकवायला सुरुवात झाली की चाचा मला हाकलायचे. "जा. तू हिकडचं तिकडं करशील."

मग एका वर्षी पलीकडच्या माळावर कुणीतरी कुंपण घातलं आणि पतंगवालेही आमच्या काठाला आले. काठ एकच, आणि तो अडचणीचा. धरणात बुडालेल्या बाभळींची काळी खोडं तिथं पाण्याबाहेर डोकावतात. मधून एक खिंड आहे, तिच्यातून एका वेळी एकालाच जाता येतं. चहा तरीही वेगळाच राहिला.

मला सुरुवातीपासून पतंगवाल्यांचा भरवसा वाटत नव्हता. त्यांच्यात एक पुण्याचे दाढीवाले साहेब होते, सगळे त्यांचं ऐकायचे. बोलायला गोड. पण मी बोट घेऊन जवळ गेलो की गाडी धुणारा पोऱ्या आरशाला हात लावतोय असं बघायचे. डॉक्टरीणबाई माझी विचारपूस करायच्या, तर त्याचाही मला संशय यायचा. एवढं गोड कुणी फुकट बोलत नाही, असं माझं तेव्हाचं मत. चाचांच्या हाताखाली राहून दुसरं काय होणार होतं?

पूर्वेच्या काठाला, म्हणजे वारं जिकडं ढकलतं तिकडं, नानांचं शेत होतं. नाना म्हणजे सत्तरी गाठलेला, कपाळाला भस्माचे पट्टे ओढणारा गडी. जनावरांसाठी पुरुषभर गवत लावलेलं. त्यांना आमचा हा कारभार मुळीच पटायचा नाही. "ह्या वयात पतंग उडवत्यात," म्हणायचे, "आन ते बी संक्रांत सोडून आषाढात." मला वाटायचं, हे एखाद्या दिवशी तक्रार करणार.

तो दिवस आला तेव्हा दुपार उतरत होती. मी बोट खिंडीच्या मागं, खोडांपासून लांब, इंजिन हळू ठेवून उभी केली होती. डॉक्टरीणबाई काठावरून निघाल्या. दाढीवाले साहेब पाण्यातून काठाकडं येत होते. दोघंही थेट खिंडीत. मला वाटलं, आता कुणीतरी वळेल. कुणीच वळेना. मी हात हलवले, ओरडलो, पण वाऱ्यात माझा आवाज माझ्याच कानाला लागला नाही. शेवटच्या क्षणी साहेबांनी पतंग वर उचलायला हातातला दांडा ओढला, तो उशिरा. दोर डोलकाठीत गुंतले. बाई पाण्यात, शीड पाण्यात, आणि पतंग पिसाळल्यासारखा गोल फिरू लागला. साहेबांनी कमरेची लाल मूठ ओढून दोर सोडून दिले. हे त्यांनी बरोबर केलं. डोलकाठीलाही हिसका बसून दोर सुटले. मोकळा पतंग वाऱ्याबरोबर पूर्वेला निघाला.

मी बोट दोघांकडं घेतली. दोघांच्या अंगात जाकिटं, दोघंही डोकं वर. तेवढ्यात पूर्वेकडून आरोळी आली.

"गेऽऽला! कटला! सोडू नगा!"

नाना. धोतराचा काचा मारून, विळा टाकून, सत्तरीचा माणूस गवतातून पळत होता. कटलेला पतंग खाली येताना दिसला की ह्या भागात माणसाचं वय संपतं. लहानपणी ज्यानं एकदा काट्यांतून पळून पतंग लुटलाय, त्याला थांबवायला शहाणपण पुरत नाही. नानांनी दोर पकडला. पकडला तो पकडला, आणि निसटू नये म्हणून पोरं मांजा गुंडाळतात तसा पंजाला दोन वेढे दिले.

आणि पतंगात वारा भरला.

घराएवढा पतंग. नाना आधी पळाले, मग घसरले, मग आडवे झाले आणि गवतातून नांगर चालावा तशी वाट पाडत निघाले. पुढं विहीर होती, बिनकठड्याची.

मी पाण्यातल्या दोघांकडं बघितलं. जाकिटं होती. नानांना काय होतं? धोतर. मी इंजिन पूर्ण सोडलं, बोट काठावर घातली, उडी मारली, आणि चाकूनं एकामागून एक दोर कापले. पतंग विहिरीवरून गेला, बाभळीच्या काट्यांत पडला आणि उभा फाटला. नानांचा पंजा रक्तानं भरला होता, पण बोटं होती. सगळी होती.

नाना उठून बसले. तोंडातलं गवत थुंकलं, आणि मला म्हणाले, "हातात आलेला पतंग कापलास की रं, भाड्या!"

मी परत येईपर्यंत इतरांनी त्या दोघांना काठावर घेतलं होतं. आणि तिथं माझ्यावर तीन आरोप उभे होते. साहेब म्हणाले, बोट मध्ये आली म्हणून त्यांना वळता आलं नाही. बाई बिचाऱ्या थरथरत होत्या, त्यांनी आठवून आठवून सांगितलं, "बोट होती खरी... जवळ होती बहुतेक." साहेब पुढं म्हणाले, "आणि आम्हाला दोघांना पाण्यात सोडून हा पळाला. शिवाय सुटून चाललेला पतंग मुद्दाम कापला." नाना चालत, पंजा टॉवेलात धरून आले. त्यांचंही तेच. "पतंग माझा होता. लुटलेला पतंग लुटणाराचा. महादेवाची आण, विचारा गावात कुणालाबी. ह्यानं तोडला."

साहेब चाचांना म्हणाले, "हे बघा, आमचा ग्रुप इथं यायला तयार आहे. पण हा माणूस बोटीवर नको. नाहीतर मला पाटबंधारे खात्यात कळवावं लागेल." परवानगी तोंडीच होती. एक कागद गेला असता तर ते पाणी सगळ्यांनाच बंद झालं असतं. मी मनात म्हणालो, संपलं. आज आभाळाकडं न बघताच विचारतील गाडी.

चाचा साहेबांना म्हणाले, "तुमचा ह्याच्यावर शक हाय?"

"शक कसला, दिसलंच आहे."

"माझा बी हाय ह्याच्यावर शक," चाचा म्हणाले. "आल्यापासून हाय. पण माझा तुमच्यावर बी हाय. ह्या बाईवर हाय. नानावर तर शाळेपासून हाय. मग एकट्या ह्यालाच कायकू काढू? शक सगळ्यांवर सारखा पायजे. बसा."

एवढ्या लोकांत मला वेगळं न काढणारं तेवढंच एक वाक्य होतं, आणि ते असलं होतं.

त्यांनी सतरंजी मागवली. लिंब आणि शेड यांच्या मधोमध, उघड्यावर अंथरली. शिडवाले आणि पतंगवाले त्या दिवशी पहिल्यांदा एका सतरंजीवर बसले. नानांचा हात डॉक्टरीणबाईंनी धुऊन बांधला. चाचांनी कडब्याची ताटं आणून मातीत रोवली. ही खोडं. ही खिंड. काठ हिकडं, दक्षिणेला. वारं तिकडून, पश्चिमेचं. मग साहेबांना एका बाजूला आणि बाईंना दुसऱ्या बाजूला उभं केलं.

"चला. तसंच चाला. जसं आलात तसं."

भर माळावर पुण्याचे साहेब आणि बार्शीच्या डॉक्टरीणबाई एकमेकांकडं चालू लागले. खिंडीत दोघांचं नाक नाकाला लागायची वेळ आली. कुणी वळेना. नाना म्हणाले, "आता लगीन लावता का ह्यांचं?" पतंगवाल्यातली पोरं हसली. साहेब हसले नाहीत.

"तुम्ही थांबला का न्हाई?" चाचांनी साहेबांना विचारलं.

"मी का थांबू? माझ्या उजव्या कानात वारा होता. ज्याच्या उजव्या कानात वारा, त्याची वाट. डाव्या कानात वारा असेल त्यानं वळायचं. तुम्हीच शिकवलंय. शेडमध्ये. दहा वेळा घोकून घेतलंय आमच्याकडून."

"आन बाई, तुम्ही?"

"मी काठावरून निघत होते चाचा," बाई म्हणाल्या. "निघणाऱ्याला वाट द्यायची, येणाऱ्यानं दम धरायचा. तुम्हीच सांगितलंत. लिंबाखाली."

सतरंजीचा कोपरा वाऱ्यानं उलटला, तो कुणी सरळ केला नाही. चाचा त्या ताटांकडं बघत राहिले. मग स्वतः खिंडीत जाऊन उभे राहिले. आधी काठाकडं पाठ केली आणि डोळे मिटले. डाव्या कानात वारा. मग काठाकडं तोंड केलं. उजव्या कानात. पुन्हा पाठ, पुन्हा तोंड. पश्चिमेच्या वाऱ्यात त्या काठावरून निघणाऱ्याच्या डाव्याच कानात वारा असणार, आणि येणाऱ्याच्या उजव्याच. एका नियमानं वाट बाईंची, दुसऱ्या नियमानं साहेबांची. दोन्ही नियम खरे, दोन्ही चाचांचे, आणि एक लिंबाखाली, एक शेडमध्ये ठेवलेला.

"बोट कुठं होती?" त्यांनी मला विचारलं. आवाज खाली गेला होता.

मी ताटांच्या मागं, लांब, एक दगड ठेवला. साहेबांनी दगडाकडं बघितलं. बाईंनी बघितलं. बाई म्हणाल्या, "हो. तिथंच असेल. मला... मला धड आठवत नाही." साहेब हो म्हणाले नाहीत. पण नाही असंही म्हणाले नाहीत.

"म्या सगळ्यांवर शक घेतला," चाचा हळू म्हणाले, "माझ्या तोंडावर घ्यायचा ऱ्हायला." टोपी काढून त्यांनी झटकली आणि पुन्हा घातली. मी त्यांना टोपीशिवाय तेव्हाच बघितलं, तेही एवढाच वेळ.

मग एकदम माझ्याकडं वळले. "कोकण्या, तू सांग. समुद्रावर वाढलास. अशा जागी वाट कुणाची?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, ही परीक्षा आहे. चुकीचं बोललो की गाडी. बरोबर बोललो तरी म्हणतील, फार कळतंय ह्याला, कुणी शिकवलं? आणि खरं सांगायचं तर मला उत्तर येतच नव्हतं. आमच्याकडं खिंडीत दोन होड्या समोरासमोर आल्या तर दोन्हीतले नाखवे आधी एकमेकांच्या बापाचा उद्धार करायचे आणि मग ज्याला घाई कमी तो मागं सरायचा.

"मला नाही माहीत, चाचा."

त्यांनी एक ताट मातीत आणखी घट्ट दाबलं. मग म्हणाले, "बरं. मग हेच ठेवू. खिंडीत दोघांला बी वाटत आसंल वाट आपली, तर वाट कुणाचीच न्हाय. थांबायचं. दोघांनी बी."

"चाचा, थांबलं की पतंग पडतो," साहेब म्हणाले.

"पडू दे की. पाण्यातच पडंल."

"आणि माझ्या पतंगाचं?" नानांनी बांधलेला हात वर केला.

"फाटलेला तो, न्या तुम्ही," साहेब थकल्यासारखे म्हणाले. नानांनी तो खरंच नेला. त्यांच्या कडब्याच्या गंजीवर तो अजून आहे, पावसाचं पाणी आत जाऊ देत नाही, आणि नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की हा मी लुटलाय.

पण उठताना साहेबांनी विचारलंच. "आणि हा? ह्याचं काय करताय?"

चाचा सतरंजी झटकत होते. "ह्याचं उद्या बघू," म्हणाले. पुढं काही नाही. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. विचारायचं राहिलंय म्हणजे ठरलंय, असा माझा अर्थ.

सकाळी उठून मी पिशवी भरली. कपडे दोन-चार, एक टॉवेल, आईनं दिलेली चादर. रात्री खोपीचा पत्रा गळून सगळं ओलंच होतं, तसंच कोंबलं. पिशवी खोपीच्या दाराशी ठेवली आणि काठावर येऊन उभा राहिलो. चाचा हेल्मेटं मोजत होते. वारं कालच्यासारखंच. साहेब दुसरा पतंग घेऊन आले होते. तक्रार करतो म्हणालेला माणूस वारं असलं की तक्रारीला जात नाही. बाईही आल्या होत्या. साहेब आधीच पाण्यावर होते. बाई निघाल्या.

आणि खिंडीत दोघं पुन्हा समोरासमोर आले.

दोघंही थांबले. साहेबांनी पतंग डोक्यावर नेला आणि दांडा सोडला, बाईंनी शीड सैल केलं. "या या, तुम्ही आधी," बाई ओरडल्या. "छे छे, तुम्ही निघताय, तुम्ही जा!" साहेब ओरडले. "अहो पण तुमच्या उजव्या कानात आहे!" "असू दे हो!" एवढ्या अदबीत साहेबांचा पतंग डुलत डुलत पाण्यावर पडला, बाईंचं शीड आडवं झालं, आणि दोघं माणसं डुंबणाऱ्या म्हशींसारखी गळ्याएवढ्या पाण्यात तरंगत, एकमेकांना हात करत, हळूहळू नानांच्या शेताकडं वाहत निघाली. नाना काठावर उभे होते, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून.

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! हे शिकलेले लोक! म्या थांबा म्हणलो, मेहमाननवाजी करा म्हणलो न्हवतो!"

मी तिथंच उभा. हलू की नको कळेना.

"काय बघतोयस, कोकण्या? जा. आण दोघांला."

मी पळालो. बोट लोटली, इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. बाईंना आधी उचललं, मग साहेबांना. साहेब दोन्ही हातांनी बोटीची कड धरून वर आले, धापा टाकत बसले, आणि काठ जवळ आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "पतंगाचे दोर नीट गुंडाळून घेशील का रे जरा?" मी गुंडाळले. एकही गाठ पडू दिली नाही.

परत आलो तर खोपीच्या दाराशी पिशवी नव्हती. वाटलं, टेम्पोत ठेवली असणार, स्टँडवर सोडायला. मी खोपीला वळसा घातला. मागं, लिंबापासून शेडपर्यंत बांधलेल्या दोरीवर माझे सगळे कपडे वाळत घातलेले होते. टॉवेल, चादर, सदरे, एकेकाला चिमटा लावून. पिशवी उलटी करून, झाडून, कुंपणावर अडकवली होती. चाचा शेवटची बनियन झटकत होते.

"काय काय नेत होतास ते बघितलं," ते म्हणाले. "माझं काय न्हाय त्यात. पण ओलं भरलं होतंस. वास मारला असता."